कोपराखाली एक मूठ

दगड झिजतो यावर आमच्या घरात कोणाचा विश्वास नव्हता. उंबरा झिजतो, तवा झिजतो, माणसं तर झिजतातच. पण ओट्याचा कडप्पा एकदा बसवला की बसवला, अशी समजूत. एका संध्याकाळी वीज गेली आणि मी मोबाइलची बॅटरी लावून तो ओट्यावर आडवा ठेवला. तिरपा उजेड दगडावरून गेला तेव्हा दिसलं, की आपण ज्याला सपाट म्हणत आलो ते सपाट नव्हतंच. शेगडीच्या डाव्या अंगाला परातीचं बूड फिरून फिरून एक फिकट गोल पडला होता, आणि त्यावर बोट फिरवलं तर उतार लागत होता. पुढच्या कडेला, जिथे सुरीला धार लावायची आमची जुनी खोड, तिथे चांगली दोन बोटं रुंदीची खाच. खलबत्त्याच्या जागी केसासारखा तडा. नळाजवळ पांढरा थर. आणि लिंबू-चिंच ज्या कोपऱ्यात हाताळली जाते, तिथे काळा रंग उडून राखेसारखा झालेला दगड.

त्यातल्या शेवटच्या दोन डागांचं आपसात वैर आहे. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. आंबट काहीही सांडलं की तो खाल्ला जातो. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, ताक, व्हिनेगर, सगळंच. दगडावर डाग पडला असं आपण म्हणतो, पण वरून काही चढलेलं नसतं, दगडच उतरलेला असतो. नळाजवळचा पांढरा थर मात्र खरोखर चढलेला. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, पाणी वाळलं की ते मागे राहतात. तो थर काढायला ॲसिड ओतावं, तर थराबरोबर खालचा कडप्पाही जातो, कारण दोघांचं द्रव्य मुळात एकच. वर्षानुवर्षं आम्ही नळाजवळ ॲसिडच्या बाटलीने दगड स्वच्छ करत होतो आणि दर दिवाळीला तो जरा जास्तच खरखरीत होत होता. वर खोबरेल तेलाचा हात फिरवला की पाहुणे येऊन जाईपर्यंत काळा दिसायचा.

आमचं घर जालन्यात, मस्तगडाच्या बाजूच्या जुन्या वस्तीत. मस्तगड म्हटलं की बाहेरच्यांना डोंगर आठवतो; तसं काही नाही. निजामाच्या, म्हणजे पहिल्या आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली बांधलेली ही गढी, तसा फारसी शिलालेखही आहे. आत दालनं आणि सज्जे असलेली एक विहीर आहे. आमच्या पिढीने हा गड ओळखला तो नगरपालिकेची कचेरी म्हणून. घरपट्टी भरायला किल्ल्यात जाणारी माणसं आम्ही. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली, आणि खाली सगळा बेसाल्ट. मराठवाड्यात जवळजवळ कुठेही खणा, काळा पाषाणच लागतो.

तरीही ओट्याला दगड आंध्रातून आणावा लागतो, याचं मला लहानपणापासून नवल. कारण साधं आहे. बेसाल्ट लाव्हारसाचा, त्याला पापुद्रे नाहीत. तो फोडता येतो, घडवता येतो, पण त्याची पातळ फरशी सहज निघत नाही. कडप्पा-कर्नूलकडचा आणि शहाबादचा दगड जुन्या समुद्राच्या तळाशी थराथराने साचलेला, त्यामुळे छिन्नी लावली की पानं सुटावीत तसा सुटतो. म्हणून उभं राहायचं ते शहाबादीवर, हात चालवायचा तो कडप्प्यावर, आणि वाटायचं मात्र आपल्या काळ्या पाषाणाच्या पाट्यावर, अशी आमच्याकडे दगडांची वाटणी होऊन गेली.

पाटाही झिजायचा. वाटून वाटून गुळगुळीत झाला की चटणी सरकायला लागायची, बारीक व्हायची नाही. मग गल्लीत टाकीवाली यायची. अंगणात बसून छिन्नी-हातोडीने पाट्यावर ठिपके ठोकत जायची, टकटक टकटक, आणि तासाभरात पाटा पुन्हा नवा. मोबदला पैशात, नाहीतर पसाभर ज्वारीत. झिजलेल्या वस्तूला आणखी मार देऊन कामाला लावणं ही तऱ्हाच मला फार आवडते. तिचं गणित असं, की वस्तू झिजते ते तिचं काम आहे आणि तिला टाकी लावणं हे आपलं. ओट्याला टाकी लावता येत नाही. त्याला घासून पॉलिश करता येतं, पण आमच्या ओट्याचा तडा आरपार गेला होता. खालच्या कप्प्यातल्या डब्यांवर पाणी टपकत होतं. बदलायचा ठरला.

ठरला म्हणजे मी ठरवला. सासूबाईंचं म्हणणं होतं, “एवढं चांगलं काम चालू असताना दगडाला काय झालं?”

त्यांच्या लेखी ओटा हीच मुळात नवलाई. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा चूल जमिनीवर होती. परात, पोळपाट, विळी, पाटा सगळं जमिनीवर, आणि बाई त्या सगळ्याच्या मधोमध बसलेली. ओटा आला गॅसच्या मागोमाग. इंडेनचं पहिलं कनेक्शन कोलकात्यात १९६५ साली दिलं गेलं म्हणतात; आमच्याकडे सिलिंडर यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. पण आला तो सगळं घर उभं करत आला. बसून करायची कामं उभ्याने होऊ लागली. गुडघ्यांची सुटका झाली असं सगळ्यांना वाटलं, आणि झालीही. फक्त पाठीला आणि टाचांना कोणी विचारलं नव्हतं. ज्वारीची भाकरी आजही उभ्याने थापताना खांदा भरून येतो. काठवटीपुढे बसलेल्या बाईचं सगळं वजन तळहातात उतरतं, उभीला ते खांद्यातून ढकलावं लागतं.

याच सुमारास माझा भाचा दिवाळीला आला. आयटीआयमधून सुतारकाम शिकलेला हा मुलगा गोव्यात बोटबांधणी-दुरुस्तीच्या एका कारखान्यात लागला आहे. शिडाच्या बोटींच्या आतलं लाकूडकाम करतो. जालन्याच्या पोराने समुद्राच्या बोटी दुरुस्त कराव्यात याचं आमच्या गल्लीला अजून हसू येतं. त्याने ओटा पाहिला, खाचेत अंगठा घातला आणि म्हणाला, “आत्या, मी आत्ता हेच करून आलोय. बोटीतला ओटा बदलून.”

मग दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात समुद्राशिवाय दुसरा विषय नव्हता.

बोटीतलं स्वयंपाकघर म्हणजे आमच्या देवघराएवढं. त्यात शेगडी दोन कण्यांवर झुलती टांगलेली, बोट कलंडली तरी शेगडी आडवीच राहते. शिडं भरली की बोट वीस-पंचवीस अंशांत कलते आणि तशीच कललेली दिवसेंदिवस चालते. स्वयंपाक करणारा कमरेला पट्टा बांधून ओट्याला अडकून उभा राहतो. भांडी घासायचं बेसिन लहान पण खोल, आणि शक्य तेवढं बोटीच्या मध्यावर, म्हणजे कुठल्याही अंगाला कललं तरी पाणी निचरतं. ओट्याच्या कडेला सगळीकडे इंचभर उठलेली पट्टी, नाहीतर वाटी-चमचे खलाशाच्या पायावर. वर लॅमिनेट, खाली प्लाय. नळाच्या भोकातून, स्क्रूच्या खाचेतून पाणी हळूहळू प्लायमध्ये शिरतं, थर फुगतात, लॅमिनेट उचलतं, आणि एक दिवस ओटा पायरीसारखा दबतो. न्हाणीत तर हे आणखी लवकर होतं, कारण बोटीतली न्हाणी म्हणजे एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी कपाटवजा जागा, तिच्यातच संडास आणि बेसिन, आणि ओल कधी जातच नाही.

“आणि पाणी?” सासूबाईंनी विचारलं. जालन्यातल्या बाईचा हा पहिला प्रश्न असायचाच.

तर पाणी टाकीत भरून घ्यायचं आणि पुरवायचं. मोटार लावून ते भसाभस वाहू नये म्हणून पुष्कळ बोटींत पायाने दाबायचा पंप असतो. जेवढं दाबाल तेवढंच येतं. शिवाय खाऱ्या पाण्याचा वेगळा नळ. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, शेवटी गोड्या पाण्याचा एक हात. सासूबाई प्रसन्न झाल्या. २०१२-१३च्या दुष्काळात आम्ही याहून वेगळं काय केलं होतं? तांदळाचं धुवण भाजीला, भाजीचं कुंडीला, कपड्यांचं मोरीला. पिण्याचं, वापरायचं आणि “असंच” अशी तीन तऱ्हांची पाणी, प्रत्येकाची वेगळी बादली. आजही घाणेवाडीचं आणि जायकवाडीचं पाणी असूनही नळ रोज येईल असा भरवसा कोणी धरत नाही. समुद्रापासून ३००हून अधिक किलोमीटर आत राहून आम्ही बोटीचीच शिस्त पाळत आलो होतो, एवढंच की आम्हाला ती कोणी शिकवली नव्हती आणि त्यासाठी आमचा कोणी सत्कारही केला नव्हता.

सत्कार झाला तो योग्य माणसांचा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली, आणि तिच्यातून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ला परतल्या. भाच्याला या बोटींच्या शिडांबद्दल, सुकाणूबद्दल बोलायचं होतं. माझं मन मात्र तिथल्या ओट्यावर अडकलं. केप हॉर्नला वळसा घालणाऱ्या सहा बायका, आणि त्यांना रोज जेवायला लागतंच की. सहा जणी म्हणजे सहा उंच्या. ओटा मात्र एकच.

इथे मला माझ्या पाठीचं बोलावं लागेल. मी पाच फूट पाच इंच. आमचा ओटा ३० इंचांचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, की या ओट्याशी वाकूनच राहायचं आहे. भांडी घासताना तर बेसिनचा तळ आणखी सहा इंच खाली, म्हणजे कमरेतून काटकोनच. मी कायम धरून चालले होते, की कुठल्यातरी गवंड्याने अडीच फुटांचा गज टेकवला आणि रेघ मारली. बाईला कोण विचारतो. या रागावर मी बरीच वर्षं काढली. हा राग वाचनानेही पक्का होत गेला. आजच्या आखीव स्वयंपाकघराची पणजी म्हणतात ते फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईने आखलं. सुमारे दोन मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब; अशी दहा हजारांच्या आसपास बांधली गेली. नमुना म्हणून तिच्यापुढे होती रेल्वेच्या भोजनडब्यातली चिंचोळी स्वयंपाकघरं, जिथे हात लांबवला की वस्तू सापडते. बाईच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या होत्या. आणि त्याच बाईने पुढे मोकळेपणाने सांगितलं, की ते आखण्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता. चला, म्हटलं, बाई असो वा गवंडी, सगळीकडे तेच.

भाचा टेप घेऊन आला. बोटीवर त्यांची पद्धत अशी, की काम करणाऱ्याला उभं करायचं, हात कोपरातून मुडपायला सांगायचं आणि कोपरापासून खाली चार ते सहा इंच मोजायचे. तिथे ओटा. कोणाला हे पुस्तकी वाटेल, पण मळायला, कापायला, लाटायला हात तिथेच सैल पडतो. माझं माप आलं ३५ इंच. पाच इंचांचा फरक! मी टेप तसाच धरून सासूबाईंना म्हटलं, “बघा आई, त्या गवंड्याने काय करून ठेवलं होतं.”

“गवंड्यानं कशानं?” त्या म्हणाल्या. “मी केलं ते. त्याला तीन फूट करायचा होता. म्हणत होता, सगळीकडे तीन फुटाचाच करतो. मी उभी राहिले भिंतीला लागून, कोपर मुडपलं, खाली एक मूठ धरली आणि म्हटलं इथं मार रेघ. मामंजी रागावले होते. पण मी काय पाटावर चढून पोळ्या लाटू?”

सासूबाई चार फूट आठ इंच. भाच्याने त्यांचंही माप घेतलं, आता पाठ वाकलेली तरी. ओटा त्यांच्यापुरता तंतोतंत होता.

मी यावर काय बोलणार होते? इतकी वर्षं ज्या रेघेला मी कोणाची तरी बेपर्वाई समजले, ती या घरात एका बाईने भांडून मिळवलेली एकमेव रेघ होती. माझी पाठ वाकली ती तिच्या सरळ पाठीपायी. यात कोणाचाच दोष काढता येत नाही, आणि नेमकं तेच मला पचेना. अन्याय म्हणून सोसलेली गोष्ट अन्याय निघाली नाही की राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. दगड मात्र एका पिढीहून जास्त टिकतो, एवढाच त्याचा गुन्हा. कपडा असता तर तिच्या मापाचा फाटून माझ्या मापाचा आला असता.

त्यानंतर ओट्याचं काम नुसतं दुरुस्तीचं राहिलं नाही. पण दगडाच्या वखारीत गेल्यावर असले विचार टिकत नाहीत. तिथे उभ्या लाद्या, प्रत्येकीला इंग्रजी नाव, आणि नवऱ्याला प्रत्येक नाव आवडलेलं. सोनेरी कण चमकणारा काळा दगड आंध्रातल्या चिमकुर्तीचा. तांबडा इल्कलचा. सासूबाईंनी इल्कल ऐकलं आणि त्या तांबड्या लादीला हात लावून म्हणाल्या, “इरकलचं का? मग लुगड्यासारखाच टिकेल.” लुगड्याचं आणि दगडाचं गाव एकच, हे खरंच आहे. माझा कौल साध्या काळ्याला गेला. ग्रॅनाइटमध्ये चुना नाही, त्यामुळे लिंबू-चिंचेचं भय नाही, एवढं मला पुरे.

वखारवाल्याला आम्हाला पांढराशुभ्र क्वार्ट्‌झ विकायचा होता. तो कारखान्यात तयार होतो: दगडाचा चुरा आणि राळ दाबून. दिसायला देखणा, यात शंका नाही. पण त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, आणि तो कोरडा कापताना उडणारी धूळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात कायमची बसते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या दगडावर बंदीच घातली, तो कापणारे तरुण कारागीर सिलिकोसिसने आजारी पडू लागल्यावर. ग्रॅनाइटही निर्दोष नाही. त्यातही सिलिका आहेच, प्रमाण कमी. कडप्प्यात त्याहून कमी. म्हणजे जो दगड लवकर झिजतो तो कापणाऱ्याला कमी झिजवतो. बायकांना दगड दाखवताना वखारीत हे कोणी सांगत नाही.

फिटर आला तो हातात कटर घेऊन आणि तोंडाला रुमाल बांधून. गल्लीतच लादी कापायची म्हणाला. मी पाण्याशिवाय कापू देणार नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई जालन्याची नसावी. “ताई, पाणी कुठून आणू?” प्रश्न वाजवीच होता. शेवटी धुण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या, आणि झाकणाला भोकं पाडलेली बाटली. पातं फिरतंय तिथे शेजारचा पोरगा धार धरून उभा. गल्लीभर करडा चिखल झाला, पण कोणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ गेली नाही. फिटरही संध्याकाळी खोकला नाही. त्याने ते कबूल केलं नाही, पण बाटली मागून घेऊन गेला.

त्याआधी माप घ्यायचं होतं, आणि जुन्या घरात तेच खरं काम. आमच्या एकाही भिंतीला गुण्या लागत नाही. बोटीच्या भिंती तर मुद्दामच वाकड्या, म्हणून भाच्याकडची रीत अशी, की जुना ओटा अखंड उचकटायचा, नव्या प्लायवर ठेवायचा आणि त्याच्या भोवतीने पेन्सिल फिरवायची. गेलेला ओटाच नव्या ओट्याचा साचा. आमचा उचकटताना तड्यावर दुभंगला, तरी दोन्ही तुकडे जुळवून पुठ्ठ्यावर माप उतरवता आलं. भिंत कोपऱ्यात दीड इंच आत गेली होती, हे त्या दिवशी कळलं.

दुसरी अडचणही बोटीचीच. वरच्या लहानशा दारातून जेवढं आत जाईल तेवढ्याच मापाचं बोटीत काही करता येतं. बाहेर सुंदर ओटा बनवून तो आत न गेल्याच्या कथा भाच्याकडे आहेत. आमच्याकडे वाड्याचं दार, मग बोळ, मग काटकोनात वळण. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार-पाच किलो भरतो. नऊ फुटांची अखंड लादी चौघांनी उचलली असती, पण वळवली नसती. तेव्हा जोड घ्यावा लागला. जोड कुठे घ्यायचा यावर नवरा आणि फिटर बराच वेळ बोलले. मला जोड नकोच होता, कारण मला तिथे पायरी हवी होती.

मी ठरवलं होतं ते असं: शेगडी आणि बेसिनचा भाग ३५ इंचांचा, आणि खिडकीपाशी तीन फूट लांबीचा तुकडा २६ इंचांचा, जिथे सासूबाई खुर्चीवर बसून भाजी निवडतील, पीठ मळतील, वाटलं तर भाकरी थापतील. त्या तुकड्याला जुनाच कडप्पा. फिटर नाराज झाला. “लेव्हल तुटते ताई. दिसायला काय म्हणतील?” भाच्याने त्याला फोनमध्ये बोटीच्या आतले फोटो दाखवले. तिथे कुठलीच पातळी सलग नसते. जिथे जो माणूस जे काम करतो, तिथे तेवढी उंची. फिटरने फोटो पाहिले आणि म्हणाला, “ते बोटीत ठीक आहे, घर कुठं हलतंय.” पण केलं. जुन्या कडप्प्याचा धड तुकडा घासून, तेल पाजून बसवला. परातीचा गोल त्यात आला आहे, जरा कडेला. सासूबाईंनी परात बरोबर त्यावरच ठेवली.

प्लायचंही एक सांगायला हवं. ओट्याखालच्या कप्प्यांना सुताराने ‘मरीन प्लाय’ सुचवला. जालन्यातल्या दुकानात या नावाचा खप जबरदस्त आहे. आयएस ७१० हे त्याचं मानक. त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहतात. जहाजांसाठी ठरवलेलं लाकूड टँकरच्या गावात सिंकखाली लावायचं, हे मला भारीच वाटलं. पण भाचा गंभीर होता. म्हणाला, शिक्का नीट बघून घ्या, आणि लाकडाच्या कापलेल्या कडा बंद करा. पाणी पृष्ठभागातून शिरत नाही, कडेतून शिरतं. त्याने स्वतः प्रत्येक कडेला, प्रत्येक स्क्रूच्या भोकाला सील भरलं. न्हाणीतल्या बेसिनभोवतीचा ओटा मागे एका सुताराने साध्या प्लायवर सनमायका चिकटवून केला होता, तो फुगून पोटुशीसारखा झाला होता. तिथे उरलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा बसला. त्याला मोरीकडे ढाळ ठेवायला सांगितलं. ढाळ ही गोष्ट सांगितल्याशिवाय कोणी देत नाही. बेसिनच्या भोकातून निघालेली चौकोनी लादी फिटरने कडा घासून पोळपाट म्हणून दिली, म्हणजे देऊ केली. शंभर रुपये घेतले.

सिलिंडरचा कप्पाही भाच्यानेच बदलवला. आपल्याकडे ट्रॉल्यांच्या हौसेत सिलिंडर बंद कपाटात कोंडायची पद्धत पडली आहे. गॅस हवेहून जड, गळाला की खाली साचतो. बोटीत तो बुडाशी साचला तर पळायला जागा नसते, म्हणून सिलिंडरला वेगळा कप्पा आणि त्याच्या तळाला थेट बाहेर निघणारं भोक. आमच्या कपाटाच्या दाराला त्याने जमिनीलगत जाळी ठोकली. दिसायला बेढब आहे. राहू दे.

उठलेल्या पट्टीवरून मात्र पंचाईत झाली. पाणी पायावर गळू नये म्हणून मी पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी लावून घेतली होती, बोटीसारखी. पहिल्याच दिवशी सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. “आणि सांडलेलं पीठ हातात कसं ओढू?” खरंच की. ओट्यावरचं पीठ, चुरा, कोथिंबिरीच्या काड्या कडेशी ओढून तळहातावर घ्यायच्या, ही सवय आमच्या सगळ्यांच्या हाडात. पट्टीने ती वाटच बंद केली होती. भाच्याला फोन लावला. तो हसायला लागला. बोटीच्या पट्टीलाही कोपऱ्यात मुद्दाम फट ठेवतात, चुरा लोटायला. ते सांगायचं राहून गेलं म्हणे. फिटरला पुन्हा बोलावून पट्टी हातभर कापली. आता तिथून पाणीही गळतं, थोडं.

आठवड्याभराने फिटरचाच फोन आला. कन्हैयानगरकडे ओटा बसवतोय, आणि “ताई, तुमच्याकडे ते कोपराचं माप कसं घेतलं होतं?” मला बरं वाटलं. मी सांगितलं, बाईंना भिंतीला लागून उभं कर, हात मुडपायला सांग, कोपराखाली एक मूठ.

“बाई नाहीत ना इथं,” तो म्हणाला. “माहेरी गेल्यात. त्या यायच्या आत उरकायचंय, साहेबांना सरप्राइज द्यायचंय. साहेब म्हणतात, माझ्या मापानं घे.”

“स्वयंपाक साहेब करतात का?”

पलीकडे त्याने फोन बाजूला धरून विचारलं. कोणीतरी हसल्याचं ऐकू आलं. मग कटर सुरू झाला, कोरडाच.